दाराआडचा शर्ट

आई,

आल्या आल्या कपडे भिजवायला बसू नकोस, आधी हे वाच. तुझा फोन ड्यूटीमुळे बंद आहे. सकाळी मी आंघोळीला गेले आणि बाबा दार उघडून निघून गेले. त्यांना आता घराचा पत्ताही सांगता येत नाही गं! मी शोधायला चाललेय.

पोलीस कुत्रं घेऊन घरी येतायत. त्यांना बाबांचा न धुतलेला कपडा हवाय. तुझ्या स्वच्छतेपायी अख्ख्या कपाटाला नुसता साबणाचा वास! दाराआड तो चौकड्यांचा शर्ट आहे बघ, तू धुवायला ओढलास की "माझा आहे तो" म्हणून रडतात तो. पोलिसांना तोच दाखव. हात मात्र लावू नकोस, मीही लावलेला नाही.

घरात बाबांचा वास तेवढ्यातच उरलाय.