‘व्हिजिट’चा सराव

३ मार्च
हद्द झाली! मागच्या वेळी व्हिसा नाकारला तो म्हणे माझ्या जिभेमुळे. ‘मुलाकडे राहायला चाललेय’ असं सांगितलं होतं मी. चिरंजीव फोनवर – "राहायला नाही गं आई! व्हिजिट करायला. एवढा एक शब्द पाठ कर."

४ मार्च
उच्चाराचा तास. वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे, वारा सोडायचा – मग ‘व्हि’. चाळीस वर्षं ओठांत टाचण्या धरून लोकांच्या विजारी आखूड केल्या आणि ओठ कसे धरायचे ते हा मला शिकवणार! "पुन्हा म्हण." म्हटलं. "पुन्हा." अकरा वेळा. वर्षभरात इतका वेळ बोलला नव्हता माझ्याशी. बाराव्यांदा मुद्दाम चुकले.

६ मार्च
आज अर्थ. जायचं, भेटायचं, परत यायचं. "परत यायचं हे महत्त्वाचं," इति चिरंजीव. कळलं हो, महाराज!

७ मार्च
फोन नाही. मीटिंग असणार. नेहमीचीच.

९ मार्च
उपयोग. माणूस डॉक्टरांना व्हिजिट करतो, म्युझियमला करतो, आईवडिलांना करतो. "हे तिसरं कुठून आणलंस रे?" विचारलं. "पुस्तकातून." वाटलंच! मग घाईघाईने नातीला पुढे केलं. पाच वर्षांची झाली, मी पाहिली ती फोनच्या काचेतच. एकदा मांडीवर घ्यायचीय तिला. ही सगळी सर्कस तेवढ्यासाठी.

१४ मार्च
मुलाखत झाली. काचेपलीकडे साहेब, शेजारी मराठी बोलणारी दुभाषी मुलगी. ‘व्हिजिट’ असं ठणकावून म्हटलं की साहेब दचकलाच. मग मुलीने विचारलं, "मावशी, मुलगा शेवटचा कधी आला होता तुमच्याकडे?"

सगळं पाठ होतं, हेच नव्हतं. "सात वर्षांपूर्वी. हे गेले तेव्हा. चार दिवस." तिने ते इंग्रजीत सांगितलं. इंग्रजीतही ते तेवढंच छोटं होतं. मला रडू फुटलं – चारचौघांत! साहेबाने काचेखालच्या फटीतून कागदी रुमाल सरकवला. घरी येईपर्यंत चिरंजीवांचा राग राग केला.

२२ मार्च
व्हिसा आला. सहा महिन्यांचा, शिक्क्यासकट.

संध्याकाळी त्याचा फोन. "काय झालं गं?"

"नाकारला," म्हटलं.

तिकडे सुनेशी काहीतरी कुजबुजला. मग म्हणाला, "मग आता आम्हीच येतो. तिघंही." पासपोर्ट शिलाई मशीनच्या खणात तळाशी घातला आणि वर कात्रणं कोंबली.