सायकलला काटा नसतो

प्रिय बारक्या,

दोनदा तुझा फोन उचलला नाही, रागावू नकोस. बोलायला लागलं की तू मला हसवतोस आणि सांगायचं ते राहून जातं. म्हणून लिहायला बसले. आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण कोणी तुझं नाव काढलं की ताठ उभी राहून सांगते, माझा मुलगा निर्दोष सुटला.

सुटलास खरा. निकालाच्या दिवशी तुझे वकील काय रंगात आले होते! उतारावर तीसचा फलक आहे, हे त्यांनी आधीच कबूल करून टाकलं. मग म्हणाले, तो मोटारींसाठी. सायकलला ना इंजिन, ना काटा, मग बिचाऱ्याने वेग मोजायचा कशाने, नाडीवर बोट ठेवून? सगळं कोर्ट हसलं. कायद्यातही तसंच आहे म्हणे. दोन तास नुसता वेगावर खल चालला होता आणि तू मान खाली घालून नखं खात होतास.

तुझ्या वेगाचं कौतुक मलाच जास्त होतं रे. शर्यतीची तयारी करायचास तेव्हा रोज संध्याकाळी आमच्या औषधाच्या दुकानावरून सुसाट जायचास आणि मी गिऱ्हाईक सोडून दारात यायचे. कोपऱ्यावर जरा ब्रेक लाव म्हटलं, की तुझं ठरलेलं उत्तर, ताई, एकदा वेग मोडला की पुन्हा जमवताना जीव जातो. मलाही ते पटायचं.

शिवणबाईंकडे त्यांची औषधं मीच नेऊन देते. तुझ्या धडकेत मोडलेलं खुब्याचं हाड जुळलंय, पण काठीशिवाय चार पावलं टाकता येत नाहीत. मुलाने त्यांच्या शिवणाच्या दुकानाची किल्ली काढून घेतली आहे. आई, तुझं आता भान राहत नाही, बघून उतरली असतीस तर हे झालं नसतं, असं तो माझ्यादेखत म्हणतो. वाईट नाही तो, घाबरलाय. आणि बाई मान डोलावतात. त्यांना पडण्याआधीचं काहीच आठवत नाही. मला म्हणतात, माझंच चुकलं गं, सिग्नलचा दिवा न बघताच रस्त्यावर उतरले असणार. त्या पोराला फार लागलं नाही ना?

गेल्या मंगळवारी त्यांनी दोऱ्याची रिळं काढायला लावली. एकेक रीळ खिडकीशी धरून मी उभी, आणि त्या पलंगावरून सांगताहेत, हा हिरवा, हा लाल, हा पोपटी, हा शेवाळी. एकही चुकलं नाही. शेवटी माझ्याकडे बघून म्हणाल्या, मग त्या दिवशीच कसं गं चुकलं?

मी रिळं डब्यात भरली आणि निघून आले.

कोर्टात मला दिव्याबद्दल एकच प्रश्न विचारला होता. मी म्हणाले, गोळ्या मोजत होते, आवाज ऐकून वर पाहिलं. बारक्या, मी गोळ्या मोजत नव्हते. तुझी यायची वेळ झाली होती, मी दारात होते. बाईंचा दिवा हिरवा होता. त्या दोन्हीकडे बघून, पिशवी सांभाळत उतरल्या. लाल तुझा होता आणि तो सायकलला लागू नाही असं कुठलाच वकील म्हणाला नसता. मी काय पाहिलं ते तू कधी विचारलं नाहीस. मीही कधी बोलले नाही. आपण दोघांनीही एका म्हाताऱ्या बाईला स्वतःवर संशय घेत बसू दिलं.

उद्या सकाळी मी त्यांच्याकडे जाणार आहे. आधी त्यांना सांगेन, त्यांच्या मुलासमोर. मग तिथूनच पोलीस ठाण्यात. खोटी साक्ष दिली म्हणून माझं काय होईल ते होवो, तुझं काय होईल तेही मला ठाऊक नाही. पण हे तुला परक्याकडून कळू नये, म्हणून लिहिलं. तू येशील का, हे मी विचारत नाही. आलास तर मात्र आधी त्यांच्याकडे जा, मग घरी ये.

तुझीच,
ताई