उलटं बसवलेलं सील

जगन,

होडीच्या इंजिनाला खाडीचं पाणी देणारा पंप गेल्या आठवड्यात पुन्हा गळायला लागला. मी पाणी अडवणारं नवं रबरी सील घातलं, तरी पाणी टपकतच राहिलं. शेवटी पेणहून मिस्त्री आणला. पंप खोलून तो म्हणाला, "काळुरामदादा, सील उलटं बसवलंय."

"मी नेहमी असंच बसवतो," मी बोलून गेलो.

तीन वर्षांपूर्वी पंप असाच गळून इंजिन जाम झालं, तेव्हाही सील मीच बसवलं होतं. तू म्हणालास, "दादा, एकदा सील बघ." मी बघितलं नाय. नट तूच ढिले ठेवलेस म्हणत धक्क्यावर सगळ्यांसमोर तुला मारलं. त्याच आठवड्यात घर सोडून तू रोह्याच्या कंपनीत लागलास.

जुना पंप खाऱ्या पाण्यानं खराब झाला होता, आता नवा बसवलाय, इंजिन नीट चालतंय. मी मात्र फार थकलोय रे. काल हे सगळं तोंडानं सांगायला रोह्याला आलो होतो. शिफ्ट सुटली. सोबत्याच्या खांद्यावर हात टाकून तू हसत गेटातून बाहेर आलास. हाक मारली असती तर ते हसू गेलं असतं. मी चहाच्या टपरीमागे सरकलो.

पत्ता ठाऊक असून पत्र न टाकणारा,
तुझा दादा