मॉडेलमधला गणपती

९ सप्टेंबर १९९६, सोमवार
आणि वर मलाच म्हणते, आई, क्लायंट आले की तुम्ही आत बसा! हॉल माझा, खुर्च्या माझ्या, कॉफी माझी, आणि आत मीच बसायचं? सून आर्किटेक्ट झाली म्हणून घराची मालकीण झाली का? घर बांधून घ्यायला आलेल्या व्यंकोजींना एवढंच म्हटलं, बाल्कनी कशाला, तिथे चड्ड्याच वाळणार. खरं बोललं की माणसं परत येत नाहीत, त्याला मी काय करू? कस्तुरी म्हणते, येलहंक्याच्या शाळेचं काम मिळू दे, बाहेर खोली घेऊन ऑफिस तिकडे नेते. नेऊन दाखव म्हणावं. मी नसले तर दोन दिवस चालायचं नाही.
निश्चय: उद्यापासून क्लायंटशी एक शब्द नाही.

१० सप्टेंबर
बोलले. तो माणूस देवघराला लागून संडास मागत होता. गप्प बसले असते तर पाप मला लागलं असतं.

१३ सप्टेंबर, शुक्रवार
शाळेचं मॉडेल तयार. थर्माकोलचं, पांढरंशुभ्र, पुढे खांब, मधे मोकळा चौक. कस्तुरी आणि तिचा ड्राफ्ट्समन नागराज महिनाभर त्यालाच चिकटले होते. मंगळवारी ट्रस्टची माणसं बघायला येणार. कस्तुरी गौरीसाठी माहेरी गेली, धारवाडला. जाताना म्हणाली, आई, याला फक्त हात लावू नका. लहान पोराला सांगावं तसं! मी कशाला हात लावते? उलट हे काम तिला मिळवून द्यायचंच, असं मी ठरवलंय. मग कळेल ऑफिस कुणामुळे चालतं, आणि खोलीचं खूळ जाईल.

१५ सप्टेंबर, रविवार
आमच्या लेकाला, दत्ताला, मखर आणायला सांगितलं होतं. विसरला. बापावर गेलाय. आज गांधी बाजार पालथा घातला, एक शिल्लक नाही. गणपती उद्या. आणि समोर ते मॉडेल. चौक बरोब्बर मूर्तीच्या मापाचा. याला देवाची इच्छा नाही तर काय म्हणायचं?

१६ सप्टेंबर
काय शोभून दिसलं! मुकुट अडत होता म्हणून वरचा मजला स्वल्प कापला. खांबांना सोनेरी कागद, वर लाइटची माळ. सगळी गल्ली येऊन गेली. नागराज प्रसादाला आला आणि दारातच मटकन बसला. स्वल्प नीरु कोडी अम्मा, म्हणाला. दिलं पाणी. फार भाविक माणूस.

१७ सप्टेंबर, मंगळवार
कस्तुरी पहाटेच्या बसने आली. बघितलं. मॉडेलभोवती दोन फेऱ्या मारल्या. आवडलं असणार.
अकराला ट्रस्टचे अध्यक्ष बसवंतअण्णा दोघांना घेऊन आले. कस्तुरी म्हणाली, मूर्ती पाच मिनिटं पाटावर ठेवू या. मी म्हटलं, उत्तरपूजेआधी देव हलत नसतो, हवं तर शाळा हलव. अण्णांनी चपला काढून हात जोडले. बरोबरच्या एकाने विचारलं, ऑफिस रूम कुठे? कस्तुरी म्हणाली, उंदराच्या मागे. स्टाफ रूम? कडबूच्या ताटाखाली. उगाच प्रश्न वाढायला नकोत म्हणून मी आरतीच सुरू केली. अण्णांनी कडबू मागून घेतले. जाताना म्हणाले, सरी अक्का, बरंय, कळवतो.
झालं काम. कस्तुरी खोलीचं दार लावून बसलीय. प्रवासाने दमली असेल.

२१ सप्टेंबर
काल विसर्जन. चौक मूर्तीबरोबरच निघून आला, बाकी शाळा ठीक आहे. कस्तुरी आणि नागराज रोज ड्रॉइंगची भेंडोळी घेऊन जातात. कुठे, तर म्हणे कामाला.

२८ सप्टेंबर, शनिवार
काम मिळालं! मला दत्ताकडून कळलं. कस्तुरीने म्हणे येलहंक्याला खेपा मारून ट्रस्टला सगळं नव्याने समजावलं. मारल्या असतील. पण कडबू कुणी खाऊ घातले? आता दाराजवळ माझं एक टेबल टाकायचं. येईल त्याला आधी मी बघेन, मग आत सोडेन.

२ ऑक्टोबर, बुधवार
सकाळी टेंपो आला. ऑफिस बनशंकरीला, नव्या खोलीत गेलं. माझ्या खुर्च्या तेवढ्या ठेवल्या, भिंतीला लावून. निघताना कस्तुरी पाया पडली. म्हणाली, आई, आता हॉल तुमचा. हॉल केवढा मोठा आहे, इतके दिवस दिसलंच नव्हतं. दुपारी बेल वाजली म्हणून धावले, तर दूधवाला. कॉफी सवयीने पातेलंभर केली होती, दत्ताला दोनदा पाजली. त्याला ठणकावून सांगितलं, बायकोला विचार, त्या बनशंकरीत आल्यागेल्याला दार कोण उघडतं? पहिल्या दिवशी गोंधळात मला न्यायचं राहून गेलं असणार, मी मनावर घेत नाही. सोमवारपासून मी कितीला यायचं, एवढंच मला दोघांनी रविवारपर्यंत सांगा.