चहानंतरची एक ओळ

वडगाव, बेळगाव
८ जानेवारी ते २ फेब्रुवारी २०२५

ती. आक्कास,
धाकट्या साईनाथचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडे सगळे ठीक. सदलग्यात तुमची ऊसतोड आटपत आली असेल.

दोन तारखा बघून गोंधळू नकोस, आणि वाकड्या अक्षराला हसूही नकोस. गणपतीनंतर मला अर्धांगाचा झटका आला, उजवा हात गेला. तुला कळवू नका असं मीच घरात सांगितलं. व्यायाम करून घ्यायला रचना नावाची मुलगी येते. ती म्हणाली, "काका, हौस आली की तासभर आन् मग आठ दिवस न्हाय, असं नको. चहाचा कप ठेवला की धाग्याच्या दहा गाठी मारायच्या. मनाला इचारायचं न्हाय."

मला गंमत वाटली. चाळीस वर्षं मागावर तुटलेला धागा सांधताना मनाला कुठं विचारलं होतं? तेव्हापासून मी हातावर पाळत ठेवून आहे. भारी उत्साहाच्या दिवशी तो रुसतो, कंटाळत बसलो की गाठ नीट बसते. असं का, ते अजून कळलेलं नाही.

मग गाठींनंतर पत्राची रोज एक ओळ लिहायला लागलो. आज सव्विसावा दिवस.

दाजी गेले तेव्हा साड्यांची घाई होती म्हणून येता आलं नाही, असं मी सांगितलं होतं. ते खोटं. मी निघालो होतो. संकेश्वरला उतरलो, चहा प्यायलो आणि परतीच्या गाडीत बसलो. तुझं मोकळं कपाळ बघवलं नसतं. फोनवर तू एवढंच म्हणालीस, "आला न्हाईस रं." धीर आला की जाऊ, म्हणत तीन वर्षं गेली. कितीदा पत्र लिहायला घेतलं, पण सवयीनं 'ती. सौ.' लिहून जायचो आणि कागद फाडायचो. लाज वाटते, आक्का.

आता धीराची वाट बघत नाही. येत्या गुरुवारी गाठी झाल्या की आठची गाडी धरणार, संकेश्वरला चहाला उतरणार नाही. तू दार उघडलं नाहीस तर कट्ट्यावर घटकाभर बसून परत येईन, आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा निघेन. राग धरायचा तुला हक्क आहे. तो किती गुरुवार टिकतो, तेवढं बघायचंय.

दर गुरुवारचा,
तुझा साईनाथ