सेन्सरचा जोड

८ डिसेंबर २०२४, रविवार

धूर! दुपारी तीनला मागच्या बाल्कनीतल्या जुन्या फ्रिजमधून. प्लग ओढला, दार उघडलं. बरणीभोवती गुंडाळलेली हीटिंग मॅट एका कोपऱ्यात जळून गेलेली, आतलं प्लास्टिक वाकडं झालेलं. घरी आंबवत ठेवलेल्या बिअरच्या बरणीला हात लावला तर चटका! आणि कंट्रोलरच्या पडद्यावर निवांत तेरा अंश.

भिंतीपलीकडे बाबा झोपले होते. ठसकत बाहेर आले. पंच्याहत्तर वर्षांचा माणूस. अजून दहा मिनिटं गेली असती तर — नको.

"काय झालं रे?"

"फ्रिजचं वायरिंग जळलं."

"कुणी केलं होतं?"

"शकीलभाईंनी."

तोंडातून निघून गेलं. तसं खोटंही नाही. ऑक्टोबरात बरणीचं तापमान सांभाळणारा कंट्रोलर त्यांनीच बसवला. आम्ही विश्रांतवाडीला राहायचो तेव्हापासून ते आमचे फ्रिजवाले. बरणीत काय आहे हे त्यांनी विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "सेन्सर बरणीला घट्ट चिकटवा साहेब, हवेत लोंबकळत ठेवू नका."

बाबांना सांगितलंय की बरणीत आंबवलेला चहा आहे, पोटाला चांगला. चाळीस वर्षं वस्तीत घरोघर फिरून लोकांची दारू सोडवली त्यांनी. दुसरं काय सांगणार होतो?

९ डिसेंबर

सकाळीच बाबा म्हणाले, "सोसायटीत सांग सगळ्यांना. इथल्या दहा-बारा घरांत येतो तो. उद्या कुणाचं तरी घर पेटेल."

सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं — "शकील फ्रिजवाले यांच्या निष्काळजी वायरिंगमुळे आमच्याकडे आग लागता लागता राहिली. सावध राहा." पटापट अंगठे आले, पहिला बाबांचा. शकीलभाईंचा तीनदा फोन. उचलला नाही.

१४ डिसेंबर, शनिवार

आज वायर सोडवून बघितली. बघायला नको होती!

सेन्सरची वायर अपुरी पडत होती म्हणून नोव्हेंबरात मीच मध्ये दीड हात तुकडा जोडला होता. सोल्डरिंग गन माळ्यावर. शिडी कोण काढणार? तारा नुसत्या पिळल्या, वर टेप. टेप सोडला तर एक तार जवळजवळ सुटलेली.

या सेन्सरचं असं असतं — गारठा वाढला की त्याचा विद्युतरोध वाढतो. सैल जोडानेही रोध वाढतो. कंट्रोलरला तेवढंच कळतं. त्याला वाटलं बरणी गारठलीय, म्हणून तो तापवत राहिला. तापवतच राहिला. त्याची काही चूक नाही. शकीलभाईंची तर नाहीच.

दीक्षाला दाखवलं. तिने तार हातात घेऊन पाहिली. "मग आता ग्रुपवर लिही."

"काय लिहू? घरात बिअर करत होतो म्हणून?"

"म्हणजे सोसायटीची भीती नाही तुला. बाबांची आहे."

बायकोला इतकं नेमकं बोलायची गरज नसते.

२ जानेवारी २०२५

वॉचमन वैजनाथने शकीलभाईंना गेटवरूनच परत पाठवलं. सेक्रेटरींची ऑर्डर. खालच्या मजल्यावरच्या हेमाताईंनी बोलावलं होतं त्यांना — त्या बिचाऱ्या ग्रुपवर नाहीत.

मी वरून बघत होतो. त्यांनी हुज्जत घातली नाही. खांद्यावरची पिशवी नीट केली, गाडी वळवली. मग मान वर करून आमच्या मजल्याकडे बघितलं.

मी मागे सरकलो. चाळीस वर्षांचा घोडा, पडद्याआड!

१९ जानेवारी

आज शकीलभाईंकडे जायचं नक्की होतं. गेलो नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

गेलो. कोथरूड ते विश्रांतवाडी, गाडीवर सगळा वेळ एकच वाक्य घोकत — शकीलभाई, जोड माझा होता, चूक माझी आहे.

शकीलभाईंच्या बायको, हमीदाभाभी, दुकानातच होत्या. "बरं झालं आज आलात. आता हे फक्त रविवारी दुकान उघडतात. तुमच्याकडची कामं गेली ना, म्हणून तिकडे लांब मांजरी गावात कोल्ड स्टोरेजमध्ये नोकरी धरली. जाऊन-येऊनच थकतात." आवाजात राग नव्हता. चहा टाकायला आत गेल्या.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात शकीलभाईच म्हणाले, "साहेब, माफ करा मला."

"अहो, काय हे —"

"नाही, बोलू द्या. तो जोड मी पाहिला होता. नोव्हेंबरच्या शेवटी दाराचं रबर बदलायला आलो होतो ना? तेव्हा दिसला. टेपखाली तारा नुसत्या पिळलेल्या. म्हटलं, सोल्डर करून द्यावा. पण पुढच्या घरी उशीर होत होता. म्हटलं, पुढच्या खेपेला. बाबा आत झोपले होते ना, धूर झाला त्या दिवशी? दोन महिने माझ्या डोक्यात तेच आहे. तुम्ही ग्रुपवर लिहिलंत ते बरोबरच होतं. म्हणून तर मी कुठे भांडलो नाही."

जोड कुणाचा होता हे त्यांना ठाऊक होतं. त्यावर अक्षर नाही. स्वतःची अर्ध्या मिनिटाची टाळाटाळ तेवढी मोठी करून सांगत होते.

आणि मी? घोकलेलं वाक्य जिभेवर तयार होतं. मी म्हणालो, "होतं असं कधीकधी, शकीलभाई."

माफ केलं! मी! त्यांना!

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. मोकळं हसले. भाभींनी चहा आणला, तो मी प्यायलो. बिस्किटही खाल्लं. बाबांना सलाम सांगा म्हणाले.

घरी आल्यावर दीक्षाने विचारलं, "सांगितलंस?"

"हो," म्हणालो.



१० फेब्रुवारी

सकाळी ग्रुपवर लिहिलं. सैल जोड माझा. फ्रिजमध्ये बिअर होती, तीही माझीच. शकीलभाईंचा दोष नाही. कालसुद्धा मी त्यांच्यासमोर गप्प बसलो. त्यांच्यावरची गेटबंदी आजच उठवा.

पाठवलं. बाहेरच्या खोलीत बाबांचा फोन वाजला. त्यांना चष्मा सापडेना.

मीच नेऊन दिला.