मामाचा दात आणि रसिकाची मंगलाष्टकं

भाईंदर पूर्व

चि. सौ. सुलूस,

दादाचे (उरलेल्या सर्व दातांसकट) अनेक आशीर्वाद. भावोजींचा गुडघा आता कसा आहे? रसिकाच्या लग्नाच्या साड्यांचे फोटो पाहिले, झकास आहेत. आम्ही इकडे मजेत आहोत. म्हणजे तुझी वहिनी मजेत आहे, माझं हसणं बंद आहे.

माझा वरचा पुढचा दात गेला, हे तुला कळलंच आहे. (कसा गेला, त्यात आत्ता शिरत नाही.) गोडदेव नाक्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी उपाय सांगितले. इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू बसवायचा. काम पक्कं, पण जखम भरून वर दात चढेपर्यंत रसिकाच्या घरी बारशाची तयारी सुरू व्हायची! ब्रिज, म्हणजे शेजारचे दोन धडधाकट दात तासून त्यांच्या आधारावर मधला उभा करायचा. मी सोसायटीचा माजी सेक्रेटरी, एकाच्या गळतीसाठी शेजाऱ्यांच्या भिंती फोडल्या की काय होतं, हे मला कुणी सांगायला नको. उरला काढता-घालता दात. तोच घेतला.

तो लावून गॅलरीत मंगलाष्टकांचा रियाज सुरू केला. पहिल्याच 'सावधान'ला अशी शिट्टी वाजली की खालून वॉचमनने उलट शिट्टी मारली आणि दांडका घेऊन धावत वर आला, "साहब, कौन घुसा?" तुझी वहिनी हसून हसून ओट्याला टेकली. आणि तिनेच तुला फोन करून सगळं सांगितलेलं दिसतंय, कारण लगेच तुझा मेसेज आला, की दादा, त्रास घेऊ नकोस, मंगलाष्टकं रेकॉर्डवरची लावू. अगं, सख्खा मामा जिवंत असताना भाचीच्या डोक्यावर स्पीकरच्या आवाजात अक्षता पडणार? फार वाईट वाटलं, सुलू. पण तू म्हणशील तसं. मी आपला मागच्या खुर्चीत गप्प बसेन.

तुझा,
सुभाषदादा

ता. क. डॉक्टरीणबाईंनी नवा दात जरासा तासून नीट बसवून दिला. शिट्टी गेली. (वॉचमन वर येईनासा झालाय, हाच पुरावा.) रेकॉर्ड रद्द कर.

पुन्हा ता. क. दात कशाने तुटला, असं सगळे विचारतात. मी भातातला खडा सांगतोय. तो तू दिवाळीला पाठवलेला डिंकाचा लाडू होता, हे तुझ्या वहिनीलाही ठाऊक नाही. रुखवतात तेच लाडू मांडणार आहेस म्हणे. माईक माझ्या हातात असेल, तर खडा हा खडाच राहील.